गाडी बंद, गाणी चालू: बॅटरी पुन्हा पुन्हा उतरते तेव्हा काय तपासायचं

साताऱ्याजवळ कासला फुलं बघायला गेलं आणि पाऊस आला की सगळे पळत गाडीत येऊन बसतात. काचा बंद, आत वाफ धरते म्हणून ब्लोअर, पोरांसाठी गाणी, दोघांचे मोबाईल चार्जिंगला, आणि कुणीतरी पार्किंग लाईटही लावून ठेवलेले. तासाभराने पाऊस उघडतो, सेल्फ मारावा तर बॉनेटखालून नुसतं ‘टकटकटक’. ठोसेघरला, सज्जनगडाच्या पार्किंगमध्ये, पुसेगावच्या यात्रेत, लग्नाच्या हॉलबाहेर, दवाखान्यासमोर पेशंटची वाट बघत बसल्यावर, सगळीकडे हा प्रकार घडतो.

एकदाच झालं असेल तर गाडी चालू करून घ्या, बॅटरी चार्ज करा, विषय संपला. हे लिहितोय ते ज्यांना महिन्या-दोन महिन्यांनी हाच अनुभव येतो त्यांच्यासाठी. त्यातल्या बऱ्याच जणांनी बॅटरी बदलूनही पाहिलेली असते. काही दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. माझं ठाम मत आहे की अशा वेळी आधी बॅटरीवर पैसे घालू नयेत. बॅटरीतून किती जातं आणि परत किती येतं हे मोजावं. हे दोन आकडे जुळत नसतील तर कितीही महागडी बॅटरी टाकली तरी ती उतरणारच.

आधी दोष बॅटरीचाच आहे का ते ठरवा

सेल्फ मारल्यावर येणारा आवाज नीट ऐका, त्यात निम्मं निदान असतं.

डॅशबोर्डचे दिवे मंद होतात आणि जलद ‘टकटकटक’ असा आवाज येतो, याचा अर्थ बॅटरी उतरली आहे. सेल्फवरचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा खटका, आत ओढला जातो, मोटरचा भार पडताच व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, भार गेल्यावर व्होल्टेज पुन्हा वर येतं आणि तो पुन्हा ओढला जातो. हे चक्र सेकंदाला अनेकदा फिरतं, तीच ती टकटक.

दिवे लख्ख आहेत, हॉर्न दणदणीत वाजतोय, पण सेल्फ मारल्यावर एकच ‘ठक’ होऊन सगळं शांत, असं असेल तर बॅटरीवर संशय घेण्याआधी टर्मिनल आणि अर्थिंग पाहा. हेडलाईट लावून सेल्फ मारा आणि समोरच्या भिंतीवरचा प्रकाश पाहा. प्रकाश एकदम विझत आला तर बॅटरी रिकामी आहे किंवा टर्मिनल धरत नाही. प्रकाश जवळपास तसाच राहिला तर करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही, किंवा सेल्फ मोटरच गेली आहे. आणि सेल्फ नेहमीच्या जोरात फिरतोय पण इंजिन पेट घेत नाही, तर तो वेगळा आजार. पेट्रोल-डिझेलची लाईन, पंप, इमोबिलायझर असं काहीतरी. तिथे बॅटरीच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

साताऱ्याकडच्या पावसात टर्मिनलवर पांढरा-हिरवा भुगा चढतो. तो असेल तर बाकीच्या तपासण्या पुढे ढकला आणि आधी तो काढा. आधी निगेटिव्ह सोडवायची, मग पॉझिटिव्ह. जोडताना उलट, आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. हा क्रम पाळायचं कारण साधं आहे. निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हवरचा पाना गाडीच्या बॉडीला लागला तर थेट शॉर्ट होतो आणि पाना लालबुंद होऊ शकतो. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा, स्वच्छ पाण्याने धुवा, कोरडं करा, नट पक्का आवळा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. टर्मिनल हाताने हललं तर ते सैल आहे असं समजा.

मग मल्टीमीटर घ्या. काही शे रुपयांत मिळतो आणि एका चुकीच्या बॅटरी खरेदीचे पैसे वाचवतो. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी दार उघडून दिवे लागायच्या आत, जमलं तर बॉनेट आदल्या रात्रीच मोकळं ठेवून, बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. १२.६ च्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी. १२ म्हणजे पाव उरली, आणि ११.८ म्हणजे संपली. गाडी नुकतीच बंद केल्यावर मोजू नका. तेव्हा वरवरचं व्होल्टेज जास्त दिसतं आणि आपण फसतो.

आता दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून आकडा पाहा. सेल्फ फिरत असताना तो साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी एकतर रिकामी आहे किंवा थकली आहे. इंजिन चालू झाल्यावर आकडा साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवा. तो १२ च्या घरातच राहिला तर अल्टरनेटर, ज्याला आपल्याकडे अजून सर्रास डायनामो म्हणतात, चार्जच करत नाही. पट्टा सैल आहे का तेही बघा. काही नव्या गाड्यांत संगणक चार्जिंग कमी-जास्त करत असतो, त्यामुळे तिथे आकडा खाली-वर होताना दिसला तर लगेच घाबरून जाऊ नका; थोडं चालवून, हेडलाईट लावून पुन्हा मोजा.

चावी कुठवर फिरवता?

साताऱ्यातल्या शाहूपुरीत आमचे मामा राहतात. त्यांची पेट्रोल हॅचबॅक सारखी बंद पडायची, आणि एक बॅटरी बदलूनही झाली होती. मी त्यांना पहिला प्रश्न हाच विचारला.

“मामा, गाणी लावताना चावी कुठपर्यंत फिरवता?”

“कुठपर्यंत म्हणजे? दिवे लागेपर्यंत. दिवे लागले की टेप लागतो.”

तेवढ्या उत्तरात निम्मा उलगडा झाला. चावीच्या गाडीत साधारण चार टप्पे असतात: लॉक, एसीसी, ऑन आणि स्टार्ट. एसीसी म्हणजे अॅक्सेसरी. या टप्प्यावर टेप, लायटर सॉकेट, काही गाड्यांत आरसे, एवढ्यालाच करंट मिळतो. त्याच्या पुढचा ऑन हा टप्पा इंजिन चालू असतानाचा आहे. तिथे चावी आली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, जागा होतो, सेन्सर, सगळे वॉर्निंग दिवे, मीटर, ब्लोअर, एअरबॅग आणि एबीएसचे कंट्रोलर अशी सगळी फौज उभी राहते. पेट्रोल पंप दोन-तीन सेकंद फिरून दाब धरतो, तो आवाज मागच्या सीटखालून ऐकू येतो. डिझेल असेल तर ग्लो प्लग तापतात, आणि ते काही सेकंदांतच भरपूर करंट ओढतात. गाणी तीच, आवाज तोच, पण ऑनवर त्या गाण्यांची किंमत तिप्पट-चौपट होते.

मामांच्या लक्षात हे आलं नाही यात त्यांचा काही दोष नाही. बऱ्याच गाड्यांत चावी पहिल्या खटक्यावर थांबल्याचं हाताला जाणवतही नाही, आणि गाडी देताना हे कुणी सांगत नाही. डॅशबोर्डवर ऑइलचा आणि बॅटरीचा लाल दिवा दिसतोय, इंजिन बंद आहे, म्हणजे तुम्ही ऑनवर आहात. हे दिवे नाहीत आणि टेप चालू आहे, म्हणजे एसीसीवर.

बटणाच्या गाडीत क्लच किंवा ब्रेक न दाबता बटण एकदा दाबलं की एसीसी, दुसऱ्यांदा ऑन, तिसऱ्यांदा बंद, अशी पद्धत बहुतेक ठिकाणी असते. काही नव्या गाड्यांत एसीसी हा टप्पाच वेगळा ठेवलेला नाही. तिथे गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडून पाहणं हाच मार्ग. ऑटोमॅटिक गाडीत आणखी एक फसगत होते. गिअर पीमध्ये न टाकता बटण दाबलं तर इंजिन बंद होतं, पण गाडी पूर्ण बंद न होता एसीसीवरच राहते. आपण कुलूप लावल्यासारखं करून निघून जातो आणि रात्रभर करंट जात राहतो. उतरण्यापूर्वी स्क्रीन काळी झाली का, एवढं पाहायची सवय लावा.

हिशोब

छोट्या पेट्रोल गाड्यांत बहुधा ३५ एएचच्या आसपासची बॅटरी असते. डिझेलमध्ये त्याहून बरीच मोठी, कारण डिझेल इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. ३५ एएच म्हणजे कागदावर एक अँपिअर करंट ३५ तास. पण ती पूर्ण रिकामी होईपर्यंत वाट बघता येत नाही. निम्म्याच्या खाली गेली की सेल्फ उचलण्याचा भरवसा संपतो. म्हणजे नव्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीतसुद्धा आपल्या हातात खेळायला १७ एएच.

आता खर्च पाहू. हलक्या आवाजात टेप साधारण दीड-दोन अँपिअर घेतो. मोबाईल चार्जर एक-दीड. ब्लोअर एकवर तीन-चार, पूर्ण वेगाने पंधराच्याही वर. जुन्या हॅलोजन हेडलाईटचे दोन बल्ब ५५ वॉटचे, दोन्ही मिळून नऊ अँपिअर. चार कोपऱ्यांचे इंडिकेटर लावून ठेवले तर २१ वॉटचे चार बल्ब उघडझाप करत राहतात, म्हणजे सरासरी साडेतीन. टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप दहा अँपिअरच्या आसपास. बाहेरून बसवलेला अॅम्प्लिफायर आणि डिकीत ठेवलेला बास असेल तर आवाज किती ठेवताय त्यावर काहीही, दहा-वीससुद्धा. आणि चावी ऑनवर असेल तर गाडीच्या स्वतःच्या सगळ्या यंत्रणांचे आणखी चार-पाच.

एसीसीवर फक्त टेप असेल तर भरलेल्या बॅटरीवर दोन तास गाणी ऐकलीत तरी चार एएच गेले. काही बिघडत नाही. चावी ऑनवर, ब्लोअर एकवर, टेप, एक मोबाईल: दहा-अकरा अँपिअर. दीड तासात १७ एएच संपले. आणि हा हिशोब नव्या बॅटरीचा आहे. तीन-चार वर्षं वापरलेल्या बॅटरीची धारणक्षमता निम्मी राहिलेली असू शकते, आणि ती सकाळी घरातून निघतानाच पाऊण भरलेली असेल तर अर्धा तासही पुरत नाही. कासच्या पार्किंगमध्ये शेजारची गाडी दोन तास गाणी वाजवून सुरळीत निघून जाते आणि आपली अर्ध्या तासात बसते, त्याचं कारण हे आहे.

सेल्फ मारायला एकूण वीज फार लागत नाही. दीडशे अँपिअर दोन सेकंद घेतले तरी तो खर्च एका एएचच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी भरतो. अडचण ही की ती सगळी एका दमात हवी असते. गाडीची बॅटरी त्यासाठीच बनवलेली आहे: आत पातळ आणि भरपूर प्लेटा, म्हणजे क्षणात प्रचंड करंट. ती शंभर मीटर धावणारी आहे, तिला यवतेश्वरच्या घाटात हिल मॅरेथॉनला उभं करू नये. तासन् तास थोडा थोडा करंट द्यायला इन्व्हर्टरची जाड प्लेटांची बॅटरी वेगळी असते. गाडीची बॅटरी प्रत्येक वेळी तळापर्यंत रिकामी झाली की तिचं आयुष्य कायमचं घटतं. आणि ती तशीच रिकामी पडून राहिली तर प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे कडक होत जातात. ते पुढे चार्जिंगनेही पूर्ण विरघळत नाहीत. म्हणून ‘उतरली आहे, रविवारी बघू’ असं करू नका. ज्या दिवशी उतरली त्याच दिवशी चार्जिंगला लावा.

परत किती येतं?

जाण्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, येण्याकडे कुणी पाहत नाही.

सातारा शहरात गाडीचा रोजचा वापर म्हणजे पोवई नाका, राजवाडा, मंडई, शाळा, परत घर. दहा-दहा मिनिटांचे तुकडे, त्यात सिग्नल आणि गर्दी. पावसाळ्यात भर दुपारी हेडलाईट, वायपर, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर. इंजिन जागेवर फिरत असताना अल्टरनेटर त्याच्या पूर्ण क्षमतेपेक्षा बराच कमी करंट देतो, आणि तो या सगळ्यात खर्च होतो. बॅटरीच्या वाट्याला फारच थोडं उरतं. मामांची गाडी आठवडाभर असंच फिरायची आणि रविवारी कासला नाहीतर बामणोलीला जायची. सकाळी मोजलं तेव्हा बॅटरी १२.२ वर होती. निघण्याआधीच निम्मी.

आणखी एक समज दूर करायला हवा. जंप स्टार्ट करून गाडी चालू झाली आणि घरी आलो की बॅटरी भरली, असं नाही. कासहून साताऱ्याला यायला पाऊण-एक तास लागतो, त्यातही बराचसा उतार, इंजिन कमी फेऱ्यांवर. तेवढ्यात दुसऱ्या दिवशी सेल्फ लागण्यापुरतं भरतं, पूर्ण भरत नाही. तळाला गेलेली बॅटरी पूर्ण भरायला बाहेरचा चार्जर हवा आणि दहा-बारा तास हवेत. ३५ एएचला तीन-साडेतीन अँपिअर ही चांगली गती. चार्जर स्वतःचा असेल तर उत्तम, नाहीतर बॅटरीच्या दुकानात रात्रभर ठेवायला द्या. पण घाईत मोठ्या करंटवर तासाभरात ‘भरून’ देऊ नका असं त्यांना स्पष्ट सांगा. चार्जिंग मोकळ्या हवेत व्हावं, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. जवळ विडी-सिगारेट, ठिणगी काही नको.

मामांना मी एवढंच सुचवलं की आठवड्यातून एकदा वाढे फाट्याकडून हायवेला लागायचं आणि तासभर सलग फिरून यायचं. त्यांना ते मानवलं, कारण मामींचं माहेर कराडला आहे.

गाडी नुसती उभी असताना कोण खातंय?

गाणी लावली नाहीत, चावी काढून घेतली, तरी चार-पाच दिवसांनी बॅटरी उतरलेली मिळते, असं असेल तर गळती शोधावी लागते. घड्याळ, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर यांना थोडा करंट लागतोच. साधारण ५० मिलीअँपिअरपर्यंत तो रास्त मानतात. म्हणजे दिवसाला १.२ एएच, दोन आठवड्यांत ३५ एएचची बॅटरी निम्मी. गावाला जाताना गाडी तीन आठवडे बंद ठेवणार असाल तर निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ठेवणं बरं. त्याने घड्याळ, रेडिओची स्टेशनं आणि काही गाड्यांत काचांची ऑटो सेटिंग जाते. काही स्टिरिओ परत कोडही मागतात, तो आधी शोधून ठेवा.

मोजायची रीत अशी. मीटर दहा अँपिअरच्या भोकात लावा. मिलीअँपिअरच्या भोकात लावून दार उघडलंत तर मीटरचा फ्यूज जाईल. सगळं बंद, चावी बाहेर. कीलेस गाडी असेल तर चावी घरात लांब ठेवा, कारण जवळ चावी असली की काही गाड्या जाग्या राहतात. निगेटिव्ह केबल सोडवून ती आणि बॅटरीचं टोक यांच्यामध्ये मीटर जोडा. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल. अर्धा तास थांबा, गाडीतले कंट्रोलर एकेक करून झोपतात. मीटर जोडलेला असताना सेल्फ अजिबात मारायचा नाही. अर्ध्या तासानंतरही आकडा शंभर मिलीअँपिअरच्या, म्हणजे ०.१ अँपिअरच्या, वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा खाली येतो, त्या लाईनवर चोर आहे.

तो चोर बहुतेक वेळा नंतर बसवलेला असतो. डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, अँड्रॉइड स्टिरिओ, रंगीत दिव्यांच्या पट्ट्या. बसवणाऱ्याने एसीसीची वायर शोधायचा कंटाळा केला आणि कायम करंट असलेल्या वायरला टॅप मारला की गाडी उभी असतानाही ते यंत्र चालू राहतं. मामांचा डॅशकॅम असाच जोडलेला निघाला. दीडशे मिलीअँपिअर, म्हणजे दिवसाला साडेतीन एएचपेक्षा थोडं जास्तच. पाच दिवस गाडी उभी राहिली की निम्मी बॅटरी गायब. ती वायर एसीसीच्या फ्यूजवर आणली, चावी पहिल्या खटक्यावर थांबवायची सवय झाली, बॅटरी एकदा पूर्ण चार्ज केली. तीच बॅटरी अजून गाडीत आहे.

लायटर सॉकेट तुमच्या गाडीत चावी काढल्यावर चालू राहतं की बंद होतं, हे चार्जरचा दिवा पाहून एकदा तपासून ठेवा. डिकीतला दिवा झाकण लावल्यावर विझतो का, हे पाहायला मोबाईलचा कॅमेरा व्हिडिओवर लावून डिकीत ठेवा आणि झाकण बंद करा.

अडकलात तर

सेल्फ पुन्हा पुन्हा मारू नका. सगळं बंद करा: टेप, ब्लोअर, दिवे, चार्जर. पाच-दहा मिनिटं थांबा. बॅटरी किंचित सावरते आणि कधीकधी तेवढ्यावर एक सेल्फ लागतो. क्लच पूर्ण दाबून मारा म्हणजे गिअरबॉक्सचं ओझं कमी होतं. ऑटोमॅटिकमध्ये पी किंवा एनवर ठेवून ब्रेक दाबा.

जंपर केबल असेल तर क्रम महत्त्वाचा. लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि तिचं शेवटचं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीत ठिणगी उडते आणि बॅटरीपाशी हायड्रोजन असू शकतो, म्हणून ते टोक बॅटरीवर लावायचं नाही. मदत करणारी गाडी पाच मिनिटं चालू ठेवा, मग सेल्फ मारा. काढताना बरोबर उलट क्रम. लाल-काळी अदलाबदल झाली तर मुख्य फ्यूज, अल्टरनेटर, ईसीयू यांपैकी काहीही जाऊ शकतं, त्यामुळे अंधारात टॉर्च लावून अधिक-उणेच्या खुणा वाचल्याशिवाय केबल लावू नका.

मदतीला कुठली गाडी घ्यायची याकडेही लक्ष द्या. ट्रक आणि एसटीची यंत्रणा २४ व्होल्टची असते. हायवेवर चांगुलपणाने थांबलेल्या ट्रकवाल्याची मदत टोचन करायला घ्या, त्याच्या बॅटरीला आपली कार जोडू नका. ऊस वाहणारा ट्रॅक्टर मात्र सहसा १२ व्होल्टचा असतो, तो चालतो. बॅटरीवर लिहिलेलं वाचून खात्री करा.

धक्का स्टार्ट फक्त मॅन्युअल गाडीला. चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, गाडीने वेग घेतला की क्लच झटकन सोडायचा. बॅटरी पार मेली असेल तर आजच्या इंजेक्शनच्या गाड्या धक्क्यानेही चालू होत नाहीत, कारण पंप आणि ईसीयूला थोडं तरी व्होल्टेज लागतं. आणि कळकळीने सांगतो, उतारावर गाडी सोडून चालू करायचा मोह यवतेश्वरच्या घाटात किंवा ठोसेघरच्या रस्त्यावर करू नका. इंजिन बंद असताना ब्रेकची मदत एक-दोन दाबांतच संपते, पेडल दगडासारखं होतं, स्टिअरिंग जड होतं. सपाट जागेवर चार माणसं लावून धक्का द्या, नाहीतर मदतीची वाट बघा.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. बॅटरी वाचवायला इंजिन चालू ठेवून, काचा लावून, एसी लावून गाडीत झोपणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. यात्रेत, हॉलबाहेर, थंडीत महाबळेश्वरला. एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि झोपेत माणसाला कळतही नाही. बंद शेडमध्ये किंवा मागे भिंत, गवत, चिखल असताना तर इंजिन मुळीच चालू ठेवू नका. झोपायचं असेल तर इंजिन बंद करा, काचा थोड्या उघड्या ठेवा, घोंगडी घ्या.

मग गाणी कशी ऐकायची

ऐका की. चावी एसीसीवर, ब्लोअर बंद, काच दोन बोटं खाली म्हणजे वाफ धरत नाही. एसीसीवर किती ऐकायचं याची एक साधी खूण आहे: निघायच्या आधी सकाळी बॅटरी १२.५ च्या वर असेल तर तासभर निर्धास्त ऐका. १२.२ असेल तर त्या दिवशी टेपला हात लावू नका. स्क्रीनवर बॅटरी कमी असल्याची सूचना आली किंवा टेप आपोआप बंद झाला, तर ते गाडीने सेल्फपुरती शिल्लक राखायला केलेलं असतं. पुन्हा बटण दाबून त्याला जागं करू नका. दिवसभराची सहल असेल, मॅच ऐकायची असेल, आकाशवाणी लावून जेवायला बसायचं असेल, तर छोटा ब्लूटूथ स्पीकर नाहीतर बॅटरीवरचा रेडिओ सोबत घ्या. गाडीला त्रास नाही आणि सगळ्यांना बाहेर बसता येतं. बामणोलीकडे मोबाईलची रेंज भरवशाची नाही, म्हणून मी सोबत लिथियमचा जंप स्टार्टर ठेवावा असं म्हणेन. तो दोन-तीन महिन्यांनी चार्ज करायचा आणि उन्हात तापणाऱ्या डॅशबोर्डवर ठेवायचा नाही.

हे सगळं तपासून झालं, गळती नाही, चार्जिंग नीट आहे, रात्रभर चार्जरवर ठेवूनही दुसऱ्या सकाळी बॅटरी १२.४ च्या खाली येते किंवा सेल्फच्या वेळी साडेनऊच्या खाली जाते, तरच नवी घ्या. तेवढ्याच एएचची, टर्मिनल त्याच बाजूला असलेली. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणारी गाडी असेल तर मूळ जशी ईएफबी किंवा एजीएम (सारखं बंद-चालू सोसणाऱ्या प्रकारची) बॅटरी होती तशीच. साधी टाकली तर ती फार लवकर बसते. दुकानात बॅटरीवरची निर्मितीची तारीख पाहा, महिनोन् महिने कपाटात पडलेली नको. समोरच मीटर लावून व्होल्टेज मोजून घ्या, वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घ्या, आणि जुनी बॅटरी परत देऊन तिचे पैसे बिलातून वजा करून घ्या.